दोरीपलीकडचा नवरा

नागुबाईच्या मानेवर, उजव्या कानाच्या खाली, सुपारीएवढी खळी होती. लहानपणी पालमला, माहेरी असताना, तिला गाठीचा ताप आला होता. सगळं गाव उठून रानात कोप्या घालून राहिलं होतं. त्या कोपीत तिची आई गेली, चुलती गेली, आणि अकरा वर्षांची नागू मात्र गाठ फुटून वाचली. पुढं लग्न होऊन ती आमच्या वालूरला आली. सुरुवातीला बायका तिच्या मानेकडं बघून नाकं मुरडायच्या. मग त्यांनी तिच्या हातचे फुटाणे खाल्ले आणि खळीचं कौतुक संपलं.

ती विसरले नाहीत ते एकटे भुजंगराव पाटील.

निजामी अमलातल्या फसली तेराशे चव्वेचाळीस साली, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे चौतीसच्या सुमारास, तहसिलीतून चावडीवर एक हुकूम आला. जो कोणी दर्यापारहून येईल, किंवा पिलेगची, म्हणजे गाठीच्या तापाची, लागण असलेल्या शहरातून येईल, त्यानं गावात पाऊल टाकायच्या आधी दहा दिवस गावाबाहेर काढावेत. त्याचे कपडे उकळावेत, सामान उन्हात टाकावं, आणि त्याच्यावर नजर ठेवायला गावानं एक माणूस नेमावा. हुकूम उर्दूत होता. त्यात एक शब्द होता 'करंतीना'. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गावानं त्याचा 'करंटीन' करून टाकला.

पण माणूस कोण नेमायचा? गावचा राखणदार हात जोडून म्हणाला, "पाटील, चोर म्हणाल तर धरतो. पिलेग कुठून धरू?" बाकीच्यांनी तेवढंही तोंड उघडलं नाही. तेव्हा पाटलांना नागुबाईची मान आठवली.

"नागुबाई, तुला एकदा होऊन गेलाय," पाटील म्हणाले. "पुन्यांदा होत न्हाई म्हणतेत."

"कोण म्हणतंय?"

"समदेच म्हणतेत."

"समदे म्हणतेत, अन् आमराईत जाऊन बसायचं मी एकटीनं?"

पाटलांना वाटलं, झालं, हीही नाही म्हणणार. पण नागुबाईनं पदर खोचला आणि विचारलं, "दोरी कुणाची घ्यायची? सुंभाची घ्या. सुताची दोन पावसांत कुजंल."

ती हो म्हणाली त्याला कारण होतं, आणि ते साऱ्या गावाला ठाऊक होतं. तिचा नवरा शिवमूर्ती शिवणकाम करायचा. सदरे, बंड्या, लेकरांची टोपडी शिवून जत्रेत नेऊन विकायचा. दोघांना एकच मुलगी होती, नीलम्मा, चार वर्षांची. तेराशे पस्तीसच्या उन्हाळ्यात गावात पटकीची साथ शिरली. शिवमूर्ती एका जत्रेहून परतला, आल्या आल्या लेकीला उचलून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नीलम्मा गेली. पुढं महिनाभर तो भिंतीकडं तोंड करून बसून राहिला. नागुबाईही काही बोलली नाही. एका सकाळी शिलाईचं मशीन थोरल्या भावाच्या, चन्नप्पाच्या घरी ठेवून तो निघाला तो मद्रासेला गेला, आणि तिथून जहाजानं रंगूनला. तेव्हापासून नऊ वर्षांत त्याची दोन कार्डं आली. दोन्हींत 'मी खुशाल आहे' एवढाच मजकूर. चन्नप्पानं वाचून दाखवली. नागुबाई दोन्ही वेळा "बरं" म्हणाली आणि फुटाण्यांच्या खापराखाली जाळ घालायला निघून गेली.

तेव्हा आजार माणसाबरोबर वेशीतून आत येतो, हे तिला कोणी हुकूम वाचून सांगायची गरज नव्हती.

आमराईत तुराट्यांच्या कुडाच्या तीन कोप्या उभ्या राहिल्या. चारी बाजूंनी बाभळीच्या खुंटांना सुंभाची दोरी बांधली. दोरीच्या अलीकडं एक सपाट धोंडा होता. त्यावर भाकरी-कालवण ठेवायचं, वीस पावलं मागं यायचं, मग आतल्या माणसानं ते उचलायचं. नागुबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं. आत कोणी आलं की ती एक मडकं घ्यायची आणि रोज सकाळी त्यात एक हरभरा टाकायची. दहा दाणे झाले की माणूस मोकळा. नऊ दाण्यांवर कोणी कितीही गयावया केली तरी मडकं हलायचं नाही. मुंबईहून आलेल्या एका कीर्तनकारबुवांना तिनं असंच अडकवलं होतं. बुवा आधी संतापले, मग कंटाळले, आणि चौथ्या दिवशी त्यांनी दोरीच्या आतूनच कीर्तन लावलं. बाहेर अख्खं गाव बसलेलं. टाळ धुऊन, उन्हात वाळवून मग आत पाठवले होते.

एखाद्या म्हातारीनं म्हणावं, "नागुबाई, एवढा इटाळ पाळतीस व्हय गं? तुमच्या लिंगायतांत तर इटाळ मानीत न्हाईत."

त्यावर तिचं उत्तर ठरलेलं असायचं. "ह्यो इटाळ न्हाई. इटाळ पाणी शिंपडून जातो. ह्याला दीस जाऊ द्यावे लागतेत."

दोन वर्षं असं चाललं. मग तेराशे शेहेचाळीसच्या पौषात, हुरड्याच्या दिवसांत, सेलूच्या स्टेशनावरून एक बैलगाडी आली आणि आमराईशी थांबली. गाडीतून आधी एक लोखंडी पेटी उतरली. मग रंगीत लुंगी नेसलेला, डोईला पांढरा रुमाल बांधलेला, केस पिकलेला एक माणूस उतरला. त्याच्या हातात स्टेशनावर मिळालेली करंटीनची चिठ्ठी होती.

नागुबाई दोरीपाशी उभी होती. तिनं त्याला ओळखलं, त्यानं तिला ओळखलं. दोघांच्या मध्ये वीस पावलं.

"चिठ्ठी धोंड्यावर ठेवा," ती म्हणाली. "आन मागं सरा."

शिवमूर्तीनं चिठ्ठी ठेवली आणि मागं सरला.

बातमी गावात पोचायला वेळ लागला नाही. चन्नप्पा धोतराचा सोगा सावरत धावत आला, त्याच्या मागं पाटील, त्यांच्या मागं अर्धं गाव. माझी आई, कमलबाई, तेव्हा वर्षाचीच नवी सून होती. सासूची नजर चुकवून तीही आली होती. ही हकीकत बहुतेक तिच्याच तोंडून मी ऐकली आहे.

चन्नप्पा गरजला, "घरचा माणूस अकरा वर्सांनी आलाय, अन् त्याला झाडाखाली बसवतीस? सोड ती दोरी!"

नागुबाई थोरल्या दिराशी कधी तोंड वर करून बोलत नसे. तिनं पदर कपाळापर्यंत ओढला आणि पाटलांकडं वळली. "पाटील, त्यांना सांगा, घरचा माणूस हाय म्हणूनच."

"म्हणूनच काय?"

"म्हणूनच दहा दीस. परका असता तर मी कुणाकुणाला पुसत बसले असते. ह्यांच्यासाठी कुणाला पुसायची गरज न्हाई."

पाटलांनी चन्नप्पाकडं पाहिलं. चन्नप्पानं आमराईकडं पाहिलं. दोरीच्या आतून शिवमूर्ती शांतपणे म्हणाला, "दादा, ऱ्हाऊ दे. मला वाटलं होतं, माझी चिठ्ठी घ्यायला बी ती येणार न्हाई." आणि तो पेटीवर बसला.

आत एक धुरपताबाई होती. सत्तरीची म्हातारी, काशीला जाऊन आली होती आणि तिच्या मडक्यात चार दाणे पडले होते. चार दिवस तिला बोलायला माणूस मिळाला नव्हता. तिनं आपल्या कोपीच्या दारातून शिवमूर्तीला नीट न्याहाळलं आणि बाहेर हाक मारली, "नागुबाई, माणूस रोड झालाय गं! पर दात शाबूत हायेत!"

लोक हसले. नागुबाई हसली नाही. तिनं नवं मडकं आणलं.

खरी अडचण दुसऱ्या दिवशी सकाळी आली. चावडीवर रोज जाऊन आत कोण आहे ते सांगायचं, पटवारी ते वहीत लिहून घ्यायचा, असा रिवाज होता.

"बोल नागुबाई, कोण कोण?" पटवाऱ्यानं विचारलं.

"धुरपताबाई. अन् एक गडीमाणूस."

"नाव?"

"तुमाला ठावं हाय."

"मला ठावं असून भागत न्हाई. तुझ्या तोंडून यायला पायजे. सरकारी वही हाय."

नवऱ्याचं नाव बाई अशी उघड घेत नसे. चावडीवर बसलेल्यांच्या ते ध्यानात आलं आणि सगळे सरसावून बसले. कोणीतरी म्हणालं, "उखाण्यात घे म्हणावं!" नागुबाई एकदा पाटलांकडं बघून म्हणाली, "बरं, लिहा," आणि उभ्या उभ्या म्हणून मोकळी झाली:

"आमराईला बांधली दोरी, दोरीला गाठी नऊ,
शिवमूर्ती आले रंगूनहून, इतक्यात घरात कशाला घेऊ?"

चावडी हसण्यानं दणाणली. पटवाऱ्यानं डोळे पुसत नाव लिहिलं. दुसऱ्या दिवशी चावडीवर दुप्पट माणसं आली. तिसऱ्या दिवशी बायकाही बाहेर येऊन उभ्या राहिल्या.

त्या तिसऱ्या दिवशीची गंमत वेगळीच होती, कारण आदल्या दुपारी पेटी उघडली होती. नियमाप्रमाणं सामान उन्हात टाकायचं होतं. नागुबाई दोरीबाहेर उभी राहून एकेक वस्तू बाहेर काढायला लावत होती, आणि शिवमूर्ती ती दोरीवर, झुडपावर, गवतावर पसरत होता. दोन लुंग्या. कात्री. बोटात घालायची टोपणं. लाखेचा डबा. तांबड्या रेशमाचा एक तुकडा. आणि सगळ्यात खाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक कागदाची छत्री. त्यानं ती उघडली. पिवळीजर्द, वर निळी फुलं. आमराईत अशी वस्तू कोणी पाहिली नव्हती.

"कुणासाठी आणली?" नागुबाईनं विचारलं.

"तुझ्यासाठी."

"मी काय नाचायला जाऊ ती घिऊन?"

पण दुसऱ्या दिवशी चावडीवर उखाणा आला तो असा:

"खापरातल्या वाळूत हरभरा मारतो उडी,
शिवमूर्तींच्या पेटीत निघाली कागदाची छत्री येडी."

वीस पावलांवरून बोलायचं म्हणजे ओरडावंच लागे. आणि ओरडलं की सगळ्यांना ऐकू जाई. दुपारची कामं आटोपली की बायका सुपं, दळणं, वाती वळायचा कापूस घेऊन आमराईच्या सावलीला येऊन बसू लागल्या. नागुबाईला ते कळत होतं, पण आमराई काही तिच्या बापाची नव्हती. ती दोरीजवळ हरभरे निवडत बसायची आणि मनात अकरा वर्षं साठलेलं एकेक विचारायची.

"गळ्यात लिंग हाय का?"

शिवमूर्तीनं सदऱ्यातून लिंगाची डबी काढून वर धरली. "रोज पूजा केली. जहाजात बी."

"मासळी खाल्ली?"

"न्हाई."

"शपथ?"

"शपथ. वासानं डोकं उठायचं."

"मग रांधून कोण घालायचं?"

सुपं थांबली. हाच प्रश्न सगळ्या बायकांना तीन दिवस विचारायचा होता.

"मीच रांधायचो," शिवमूर्ती म्हणाला.

"तुमी? घरी कदी चुलीपुढं बसला न्हाईत!"

"इथं तू होतीस. तिथं कोण होतं?"

"तेच तर इचारायलेय."

बायका खुसखुसल्या. माझी आई सांगायची, शिवमूर्तीचे कान तांबडे झालेले इतक्या लांबूनही दिसत होते. नागुबाईनं मात्र हातातलं काम सोडलं नाही. ती म्हणाली, "शब्दांनी कळत न्हाई." दुसऱ्या दिवशी तिनं धोंड्यावर शिजलेलं काही ठेवलंच नाही. कच्चे तांदूळ, तुरीची डाळ, मीठ, तिखट, थोडं तेल, ज्वारीचं पीठ, भगुणं, परात आणि तवा ठेवला. मागं येऊन बसली आणि म्हणाली, "करा."

शिवमूर्तीनं तीन दगडांची चूल मांडली. भाकरी त्यानं आधी करायला घेतली, आणि ती थापताना तिचे जे हाल झाले ते बघून दोरीबाहेरच्या बायकांनी पदर तोंडात कोंबले. एक तुकडा हाताला, एक परातीला, उरलेला तव्यावर. "ज्वारी कुठली तिथं?" तो ओरडून म्हणाला. मग त्यानं तांदूळ धुतले. पाणी घालताना बोटाच्या पेरानं मोजलं. डाळ शिजवली, फोडणी दिली, मीठ चिमटीनं घालून एकदाच चाखलं. हात सरावाचा होता. कुठं थांबायचं, जाळ कधी मागं ओढायचा, हे त्याला विचार करावं लागत नव्हतं.

आतली न्यायाधीश धुरपताबाईच होती. तिनं पानावर भात-वरण घेतलं, दोन घास खाल्ले, तिसरा खाल्ला.

"काय म्हणताव?" बाहेरून कोणीतरी विचारलं.

"थांबा की, खाऊ द्या," म्हातारी म्हणाली. मग बोटं चाटून तिनं निकाल दिला. "नागुबाई, ह्यो माणूस लय वर्सं एकटाच जेवलाय. दुसऱ्याच्या हातचं खाणाऱ्याला असा भात जमत न्हाई. भाकरीचं मातर नाव काढू नका."

त्या दिवशी नागुबाई पहिल्यांदा हसली. तोंडावर हात धरून, पण हसली. आणि संध्याकाळी तिनं हुरडा भाजून, वर तिळाची चटणी घालून, धोंड्यावर ठेवला.

पुढच्या दोन दिवसांत रंगूनचं सगळं गावाला कळलं. तिथं पाऊस चार महिने थांबत नाही. सोन्याचं पाणी दिलेलं देऊळ कोसावरून चमकतं. बायका दुकानं चालवतात आणि चिरूट ओढतात. हे शेवटचं ऐकून बायकांनी त्याला दोनदा सांगायला लावलं. धुरपताबाईचे दहा दाणे भरले. ती मोकळी झाली, आणि घरी जायचं सोडून दोरीबाहेर येऊन बाकीच्यांत बसली.

सातव्या दिवशी दुपारी गप्पा चालल्या होत्या. कोणीतरी विचारलं, "शिवमूर्तीभाऊ, तो तांबडा रेशमाचा तुकडा कशाचा?"

शिवमूर्तीनं झुडपावरचा तो तुकडा काढून हातात घेतला. मग म्हणाला, "लेकीचं परकर-पोलकं शिवायला घेतला होता. पयल्याच वर्सी. ती न्हाई हे ठावं असून घेतला."

तो नागुबाईकडं बघत होता; आता ओरडत नव्हता, पण आवाज पोचत होता. "तिला मीच मारलं. जत्रेत पटकी हाय असं माणसं सांगायली होती. मी तरी सदरे इकत बसलो. अन् तसाच येऊन तिला उचललं. तू तोंडानं बोलली न्हाईस, पर तुला बी तेच वाटत होतं. म्हणून मी गेलो."

माझ्या आईनं सूप उचललं आणि ती उठली. शेजारची उठली. धुरपताबाईला हाताला धरून उठवावं लागलं, पण तीही उठली. कोणी कोणाला सांगितलं नाही. आमराईतून सगळ्या बायका निघून गेल्या. पुढचं बोलणं नागुबाईनं आईला कितीतरी वर्षांनी सांगितलं.

नागुबाईच्या हातातले हरभरे परातीत तसेच राहिले. ती म्हणाली, "तुमी आलात त्याच्या आदल्या रातीपासून तिचं पोट चाललं होतं."

"काय?"

"तुमी यायच्या आधीपासून. आडाचं पाणी पिऊन झालं. त्या आठवड्यात त्या आडावरची सात लेकरं गेली. तुमी उचललं तवा मी नुकतीच तिला पुसून निजवली होती."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"मला वाटलं साधं पोट बिघडलंय. हकिमाला बोलावलं न्हाई. तुमाला सांगावा धाडला न्हाई. तुमी भिंतीकडं तोंड करून बसलात, तवा मला वाटलं, माझ्यावरच राग धरलाय. म्हणून मी बी बोलले न्हाई."

शिवमूर्ती उठला. सरळ चालत दोरीपाशी आला. नागुबाईही उठली होती, तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तो दोरी ओलांडायला वाकला, तशी ती दोन पावलं मागं सरली.

"मागं व्हा," ती म्हणाली. "आजून तीन दीस हायेत."

तो दोरी धरून उभा राहिला. मग रडता रडताच हसायला लागला, आणि ती पण. दोघं दोरीच्या दोन बाजूंना जमिनीवर बसून बराच वेळ बोलत राहिली. लेक कशी बोबडं बोलायची, फुटाण्यांना काय म्हणायची, हे सगळं. अकरा वर्षांत तिचं नाव दोघांपैकी कोणीच मोठ्यानं घेतलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चावडीवर गर्दी होतीच. पटवाऱ्यानं दौतीत लेखणी बुडवली आणि हसून विचारलं, "हं, नाव?"

"शिवमूर्ती," नागुबाई म्हणाली. "लिहा."

"अन् उखाणा?"

"उखाणा न्हाई. नाव सांगितलं की."

लोक हिरमुसले. पाटील मात्र तिच्या तोंडाकडं बघून म्हणाले, "लिही रे, लिही. बाईला कामं हायेत."

त्याच दुपारी सरकारी डॉक्टर घोड्यावरून तपासायला आले. त्यांनी लांबूनच शिवमूर्तीला जीभ काढायला लावली, मग जवळ जाऊन काखेत, जांघेत गाठ बघितली आणि नागुबाईला म्हणाले, "माई, आदमी तो एकदम तंदुरुस्त है. छोड दो आज."

"कागदावर दहा हाय, साहेब."

"मैं बोलता हूँ ना!"

"तुमी बोलता, पर मडक्यात आठच दाणे हायेत."

डॉक्टरांनी शिवमूर्तीकडं पाहिलं. त्यानं हात जोडले. "साहेब, दहाच पुरे करतो. गावात गेलो की ही फुटाणे भाजायला बसंल, मला कुणी इचारणार न्हाई. हितं निदान ऐकून तरी घ्यायलीय."

डॉक्टर हसत घोड्यावर बसले. जाताना नागुबाईनं त्यांच्या खिशात फुटाण्यांची पुडी कोंबली.

दहावा दाणा पडला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शिवमूर्तीनं दोरी ओलांडली. उकळून वाळवलेला सदरा अंगात होता, रंग सगळा उडालेला. चन्नप्पानं त्याला डोक्यावर पेटी घेऊ दिली नाही, स्वतः घेतली. वेशीपासून घरापर्यंत माणसं बघायला उभी होती. नागुबाई त्याच्या चार पावलं मागं चालत होती, आणि तिच्या काखेत ती पिवळी छत्री होती.

पुढं तीच छत्री बाजारात तिच्या फुटाण्यांच्या पाटीवर उघडलेली असायची. परगावचे लोक 'छत्रीवालीचे फुटाणे' म्हणून विचारत यायचे. शिवमूर्तीनं चन्नप्पाकडून मशीन आणलं, तेलपाणी केलं, आणि घराच्या ओट्यावर मांडलं. वालूरच्या लेकरांच्या अंगात तेव्हापासून बर्मी पद्धतीच्या बिनकॉलरच्या बंड्या दिसू लागल्या. आणि आमराईत कोणी आलं की भात-वरण रांधायचं काम आपोआप त्याच्याकडं गेलं.

असं पाच वर्षं चाललं. तेराशे एक्कावन्न साली जपान्यांनी रंगूनवर बाँब टाकले आणि तिथली माणसं पायी, डोंगरातून, जंगलातून आपापल्या मुलखाकडं निघाली. त्यातलं एक जोडपं उन्हाळ्यात सेलूच्या स्टेशनावर उतरलं. नवरा बन्सीधर तांदळाच्या गिरणीत कारकून होता. बायको पार्वतीबाई, दिवस भरत आलेली, पाय सुजलेले. त्यांना जायचं होतं पूर्णेकाठी येलदरीला, पण वालूरच्या आमराईशी पार्वतीबाई गाडीतून उतरली आणि म्हणाली, आता एक पाऊल टाकवत नाही.

दोरी बघून बन्सीधरचा चेहरा उतरला. वाटेत त्यांनी इतक्या ठिकाणी तपासण्या दिल्या होत्या, इतक्या छावण्यांत दिवस काढले होते, की तो तिथंच मातीत बसला. तेव्हा शिवमूर्ती दोरीपाशी जाऊन बर्मी भाषेत त्याला काहीतरी म्हणाला. काय ते कोणालाच कळलं नाही, पण बन्सीधर मोठ्यानं हसला. नागुबाईनं विचारलं, "काय म्हणालात?" शिवमूर्ती म्हणाला, "म्हणलं, हितली सरकार बाई हाय. तिच्यापुढं कुणाचं चालत न्हाई."

चौथ्या दिवशी सकाळी पार्वतीबाईला कळा लागल्या. गावची सुईण दोरीबाहेर उभी राहून आत जायला तयार होईना. बन्सीधर एकदा कोपीत, एकदा दोरीपाशी, असा धावत होता. नागुबाईनं सुईणीला दोन शब्द विचारून घेतले, गरम पाण्याचं भगुणं उचललं आणि दोरीखालून वाकून आत गेली. सात वर्षांत पहिल्यांदा. बाहेर पाटील उभे होते, ते "अगं, अगं" करत राहिले.

दुपारी मुलगा झाला. पोर काळंसावळं, धडधाकट, आमराईतले पोपट उडून जावेत असं ओरडणारं.

पाटील म्हणाले, "नागुबाई, ये आता भाईर. हात-पाय धू अन् घरी जा."

"कसं येणार? आत आले, आता माझे बी दहा दीस."

"अगं, नियम तूच पाळायचा, तूच मोडायचा. कुणाला कळणार हाय?"

"मला कळंल की," ती आतून म्हणाली. "अन् ह्या बाळंतिणीजवळ रातीचं कोण बसणार? तुमी?"

शिवमूर्तीनं एक मडकं आणलं, त्यात हरभरा टाकला, आणि दोरीबाहेर तिच्या जागेवर जाऊन बसला. बाळाचा बाप आणि आई दहाव्या दिवशी मोकळी झाली, तरी तिघं येलदरीला गेली नाहीत. ती नागुबाईचे दिवस भरेपर्यंत तिच्या घरी शिवमूर्तीच्या हातचं जेवत राहिली. बाळाला तेल लावायचं कसं, हे नागुबाई आमराईतून ओरडून सांगायची.

महिनाअखेरीस तहसिलीला तक्ता पाठवायचा होता. पटवारी वही घेऊन नागुबाईच्या ओट्यावरच आला. बन्सीधर, पार्वतीबाई, नागुबाई, सगळ्यांची नावं नीट भरली. मग त्याची लेखणी अडली.

"हे मूल," तो म्हणाला. "आमराईत होतं, म्हणजे तक्त्यात यायलाच पायजे. पर हितं रकाना हाय, 'कुठून आला'. काय लिहू? रंगूनहून म्हणावं तर ते रंगूनला जन्मलंच न्हाई. वालूरचं म्हणावं तर ते करंटीनात कशाला होतं, असं साहेब इचारतील."

शिवमूर्तीनं मशीन थांबवलं. बन्सीधर विचारात पडला. नागुबाई मांडीवर बाळ घेऊन पाय हलवत बसली होती.

"त्यात काय एवढं," ती म्हणाली. "लिहा, आईच्या पोटातून आला. प्रवास नऊ महिने. तब्येत ठीक."

पटवाऱ्यानं तिच्याकडं पाहिलं, वहीकडं पाहिलं, आणि खाली वाकून, चांगल्या वळणदार उर्दूत, तसंच्या तसं लिहिलं. पंधरा दिवसांनी तक्ता शिक्का मारून परत आला. कोणी काही विचारलं नव्हतं.